बँकेत ‘लिंक नाही’ म्हणतात तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

“लिंक नाहीये, दुपारनंतर या.” तालुक्याच्या गावी बँकेत पेन्शन काढायला किंवा कर्जाचा हप्ता भरायला गेलेल्या माणसाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. काउंटरवर कर्मचारी बसलेला असतो, त्याच्यासमोरचा कम्प्युटर चालू असतो, तिजोरीत पैसेही असतात. तरीही पासबुकात एक ओळ छापून मिळत नाही.

कारण तुमचं खातं आता त्या शाखेत नसतंच. कोअर बँकिंग आल्यापासून सगळ्या शाखांची खाती बँकेच्या एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेली असतात. शाखेतला कम्प्युटर ही फक्त तिथवर पोहोचण्याची खिडकी. डेटा सेंटरशी संपर्क तुटला की ती खिडकी बंद होते आणि शाखेचं जवळपास सगळं काम थांबतं.

पण ‘लिंक नाही’ याचा अर्थ दरवेळी केबल तुटली असा नसतो. केबल शाबूत असते, राउटरवरचे दिवे हिरवे असतात आणि तरीही लिंक नसते, असंही होतं. दोन ठिकाणं केबलने जोडणं हे एक काम आणि त्या केबलवरून कोणता डेटा कुठे पाठवायचा हे राउटरला शिकवणं हे दुसरं काम. या दुसऱ्या कामाला राउटिंग म्हणतात.

बँका, एटीएम, विमा कंपन्या, दुकानांच्या साखळ्या अशा ‘एक मुख्य कार्यालय आणि शेकडो शाखा’ असलेल्या संस्था राउटिंगसाठी बहुतेक वेळा एकच रचना वापरतात. तिचं नाव ‘हब अँड स्पोक’. ती कशी चालते, कुठे अडते आणि अडली की काय होतं, हे समजून घेऊया.

हब अँड स्पोक म्हणजे काय?

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधोमध तुंबा असतो आणि त्यात बसवलेले आरे चारी बाजूंना गेलेले असतात. इंग्रजीत तुंब्याला हब आणि आऱ्याला स्पोक म्हणतात. नेटवर्कमध्ये मुख्य केंद्राचा राउटर म्हणजे हब आणि प्रत्येक शाखेचा राउटर म्हणजे स्पोक. फरक इतकाच की चाकाच्या आऱ्यांना बाहेरून धाव जोडते, नेटवर्कमध्ये ही धाव नसते. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत काही पाठवायचं तर ते हबमधूनच जातं.

ही कल्पना फक्त कम्प्युटरवाल्यांची नाही. फेडेक्स या अमेरिकन कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ रोजी काम सुरू केलं तेव्हा १४ विमानांनी २५ शहरांसाठी १८६ पार्सलं नेली. प्रत्येक पार्सल आधी मेम्फिस या एकाच शहरात आणायचं, तिथे वर्गवारी करायची आणि मग पुढे धाडायचं, ही त्यांची पद्धत होती. शेजारच्या शहरात जाणारं पार्सलही मेम्फिसला जाऊन यायचं. वरवर पाहता हा उलटा फेरा वाटतो. पण हिशोब मांडला की त्यातली सोय कळते.

समजा, एका बँकेचं एक मुख्य केंद्र आणि १०० शाखा आहेत. म्हणजे एकूण १०१ ठिकाणं. प्रत्येक ठिकाण प्रत्येक ठिकाणाशी थेट जोडायचं ठरवलं तर ५,०५० लाइन लागतील. हब अँड स्पोकमध्ये लागतात फक्त १००. उद्या एक नवी शाखा उघडली तर पहिल्या पद्धतीत १०१ नव्या लाइन टाकाव्या लागतील, दुसऱ्या पद्धतीत एकच.

शिवाय बँकेची गरजही तशीच असते. बार्शीच्या शाखेला चिपळूणच्या शाखेशी थेट बोलायची गरज क्वचितच पडते. दोघींना हवं असतं ते मुख्य केंद्रातलं सर्व्हर. आणि सगळी वाहतूक एकाच दारातून जात असेल तर तपासणीही एकाच ठिकाणी करता येते.

राउटर नेमकं करतो काय?

राउटरचं काम एखाद्या फाट्यावरच्या पाटीसारखं असतं. पाटीवर पूर्ण प्रवासाचा नकाशा नसतो. अमुक गाव उजवीकडे, तमुक गाव सरळ, एवढंच असतं. राउटरकडेही अशीच यादी असते, तिला राउटिंग टेबल म्हणतात. डेटाचं पॅकेट आलं की राउटर त्यावरचा पत्ता वाचतो, यादीत तो शोधतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. यादीत पत्ता सापडला नाही तर पॅकेट टाकून देतो.

हे पत्ते म्हणजे आयपी ॲड्रेस. समजा, आपल्या उदाहरणातल्या बँकेने चिपळूणच्या शाखेला १०.२०.१२.०/२४ हा पत्त्यांचा गट दिला. शेवटच्या २४ चा अर्थ असा की पहिले तीन आकडे कायम राहतील आणि चौथा आकडा ० ते २५५ पर्यंत बदलेल. म्हणजे २५६ पत्ते. बार्शीला दिला १०.२०.१३.०/२४. मुख्य केंद्रातल्या सर्व्हरना १०.१ ने सुरू होणारे पत्ते दिले. दहाने सुरू होणारे हे सगळे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कोणतीही संस्था ते आपल्या आतल्या नेटवर्कमध्ये वापरू शकते, पण सार्वजनिक इंटरनेटवर ते चालत नाहीत.

सगळ्या शाखांना १०.२० नेच सुरू होणारे पत्ते देण्यात एक शहाणपण आहे. पोस्टाच्या पिनकोडचा पहिला आकडा ४ असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचं आहे, हे कोलकात्याच्या पोस्टात कळतं. तिथल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक गाव माहीत असण्याची गरज नसते. तसंच ‘१०.२० ने सुरू होणारं सगळं या बाजूला’ अशी एकच ओळ लिहून शंभर शाखांचं काम भागतं. याला समरायझेशन म्हणतात. पत्ते वाटताना ही शिस्त पाळली नाही तर पुढे राउटरच्या याद्या लांबत जातात आणि बिघाड शोधणं अवघड होतं.

पहिली पायरी: हाताने लिहिलेला रस्ता

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे इंजिनिअरने प्रत्येक राउटरमध्ये रस्ते स्वतः लिहायचे. याला स्टॅटिक राउटिंग म्हणतात.

शाखेचं काम इथे अगदी हलकं असतं. शाखेला बाहेर जायला एकच दार आहे, त्यामुळे एकच ओळ पुरते: ‘ज्या पत्त्याची वेगळी पाटी नाही, ते सगळं हबकडे.’ ही ओळ ०.०.०.०/० अशी लिहितात आणि तिला डिफॉल्ट रूट म्हणतात. हबचं काम मात्र मोठं. तिथे प्रत्येक शाखेसाठी वेगळी ओळ लागते: १०.२०.१२.०/२४ चिपळूणकडे, १०.२०.१३.०/२४ बार्शीकडे, आणि असंच पुढे.

एकाच पत्त्याला दोन ओळी लागू होत असतील तर राउटर जास्त नेमकी ओळ निवडतो. ‘१०.२० चं सगळं इकडे’ आणि ‘१०.२०.१२ चं तिकडे’ अशा दोन्ही पाट्या असतील तर चिपळूणचं पॅकेट दुसऱ्या पाटीप्रमाणे जातं. राउटिंगमधला हा नियम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

जाताना रस्ता आहे, येताना नाही

हब अँड स्पोकमधला अगदी नेहमीचा बिघाड इथेच होतो. समजा, बँकेने नवी शाखा उघडली आणि तिला १०.२०.१४.०/२४ हे पत्ते दिले. शाखेच्या राउटरमध्ये डिफॉल्ट रूट लिहिला. पण हबमध्ये या शाखेची ओळ लिहायची राहून गेली.

आता शाखेतून निघालेलं पॅकेट हबपर्यंत जातं, तिथून सर्व्हरपर्यंतही जातं. सर्व्हर उत्तर पाठवतो. ते उत्तर हबकडे येतं आणि हब यादी बघतो, तर १०.२०.१४ चा पत्ताच नाही. हब ते उत्तर टाकून देतो किंवा त्याच्या स्वतःच्या डिफॉल्ट रूटने भलतीकडे पाठवतो. शाखेतल्या कर्मचाऱ्याला दिसतं ते फक्त अडकलेलं स्क्रीन.

या बिघाडात चकवा देणारी आणखी एक गोष्ट आहे. लाइन तपासायला आलेला तंत्रज्ञ शाखेच्या राउटरवरून हबला ‘पिंग’ करतो, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारतो. हब लगेच ‘आहे’ म्हणतो. तंत्रज्ञ सांगतो, लाइन चालू आहे. काउंटरवरचा कर्मचारी म्हणतो, लिंक नाही. आणि दोघंही खरं बोलत असतात. राउटरवरून पिंग करताना राउटर स्वतःचा लाइनकडचा पत्ता वापरतो. त्या लाइनचं दुसरं टोक हबमध्येच असल्याने हबला तो पत्ता आपोआप माहीत असतो. काउंटरवरच्या कम्प्युटरचा पत्ता मात्र वेगळ्या गटातला असतो आणि तो हबला कुणी सांगितलेलाच नसतो. म्हणून जाणकार तंत्रज्ञ शाखेतल्या कम्प्युटरवरून किंवा राउटरला त्या आतल्या पत्त्यावरून पिंग करायला लावून तपासणी करतात.

शंभर शाखा झाल्या की काय करतात?

हाताने लिहिलेल्या यादीला दोन मर्यादा आहेत. शाखा वाढल्या की चुका वाढतात. आणि यादीला पुढचा बदल कळत नाही. शाखेला दोन लाइन असतील आणि पहिली लाइन वाटेत कुठे तरी बंद पडली, तर नुसती लिहून ठेवलेली ओळ पॅकेट त्याच बंद रस्त्यावर ढकलत राहू शकते.

म्हणून मोठ्या संस्था डायनॅमिक राउटिंग वापरतात. यात राउटर एकमेकांशी बोलून रस्ते शिकतात. शाखा हबला सांगते, ‘माझ्याकडे १०.२०.१२ आहे.’ हब ते यादीत लिहून घेतो. लाइन गेली की ती ओळ काढून टाकतो आणि दुसरा रस्ता असेल तर तो वापरतो. हे बोलणं ठरलेल्या नियमांनी होतं. ओएसपीएफ, ईआयजीआरपी आणि बीजीपी हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे नियमसंच, म्हणजे प्रोटोकॉल. ओएसपीएफमध्ये शेजारचे राउटर सहसा दर १० सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ पाठवतात. ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं मानतात.

यामुळे कष्ट वाचतात, पण हब अँड स्पोकमध्ये वेगळ्या अडचणी उभ्या राहतात. कारण यातले काही नियम ‘सगळे राउटर एकमेकांना दिसतात’ असं गृहीत धरून केलेले आहेत. इथे तर शाखांना फक्त हब दिसतो.

‘ज्याने सांगितलं त्यालाच परत सांगू नका’

पहिली अडचण स्प्लिट होरायझन नावाच्या नियमाची. नियम साधा आहे: एखादा रस्ता ज्या बाजूने कळला, त्याच बाजूला तो परत सांगायचा नाही.

हा नियम का आला? समजा, ‘अ’ राउटरने ‘ब’ ला सांगितलं की एका गावाला जायचा रस्ता माझ्याकडे आहे. पुढे ‘अ’ चा तो रस्ता तुटला. त्याच वेळी ‘ब’ म्हणाला, ‘मला माहीत आहे रस्ता.’ पण ‘ब’ ला तो रस्ता ‘अ’ मधूनच माहीत होता. आता ‘अ’ पॅकेट ‘ब’ कडे पाठवतो, ‘ब’ ते ‘अ’ कडे परत पाठवतो आणि दोघं एकमेकांच्या भरवशावर फिरत बसतात. आरआयपी या जुन्या प्रोटोकॉलमध्ये असं अंतर वाढत वाढत १६ पर्यंत गेलं की मग तो रस्ता बंद मानला जायचा. ऐकलेली बातमी सांगणाऱ्यालाच परत न सांगण्याने हा घोळ टळतो.

पण हबवर काय होतं ते पाहा. हबमध्ये बऱ्याचदा सगळ्या शाखा एकाच पोर्टवर जोडलेल्या असतात. हा पोर्ट प्रत्यक्षातला नसून सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला असू शकतो. चिपळूणचा रस्ता हबला त्या पोर्टवर कळतो. बार्शीही त्याच पोर्टवर आहे. नियमाप्रमाणे हब तो रस्ता त्या पोर्टवर परत सांगत नाही. परिणामी हबला दोन्ही शाखा माहीत, पण शाखांना एकमेकींचा पत्ता नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, हबच्या त्या एका पोर्टवर हा नियम बंद करायचा. दुसरा, शाखांना इतर शाखांचे रस्ते सांगायचेच नाहीत. हबने सगळ्यांना एकच डिफॉल्ट रूट किंवा ‘१०.२० चं सगळं माझ्याकडे’ ही एकच ओळ द्यायची. दुसरा उपाय जास्त सुटसुटीत. शाखेतला राउटर लहान असतो, त्याला शंभर ओळींची गरज नसते आणि एखाद्या शाखेची लाइन ये-जा करत असेल तर त्याची बातमी बाकीच्या ९९ शाखांना देत बसावं लागत नाही.

राउटरची निवडणूक

ओएसपीएफमध्ये अडचण निवडणुकीची आहे. एका पोर्टवर बरेच राउटर असले की ओएसपीएफ त्यांच्यातून एक प्रमुख निवडतो आणि बाकीचे त्याच्याकडे माहिती देतात. एकाच इमारतीत सगळे राउटर एकमेकांशी जोडलेले असतील तर कुणीही प्रमुख झाला तरी चालतं.

हब अँड स्पोकमध्ये मात्र हबच प्रमुख असायला हवा, कारण फक्त तोच सगळ्यांपर्यंत पोहोचतो. एखादी शाखा प्रमुख झाली तर बाकीच्या शाखा तिच्याशी थेट बोलू शकत नाहीत आणि अर्धं नेटवर्क आंधळं होतं.

त्यात या निवडणुकीचा एक विचित्र नियम आहे. एकदा प्रमुख निवडला की नंतर जास्त लायक उमेदवार आला तरी खुर्ची बदलत नाही. त्यामुळे महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालू शकतं. मग एखाद्या रविवारी देखभालीसाठी हबचा राउटर बंद करून सुरू करतात, तेवढ्यात एखादी शाखा प्रमुख होऊन बसते आणि सोमवारी सकाळी शाखाशाखांतून ‘लिंक नाही’ असे फोन येतात. बिघाड त्या दिवशीचा वाटतो, पण मूळ चूक पहिल्या दिवसाच्या सेटिंगमध्ये असते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक शाखेच्या राउटरची प्रायॉरिटी शून्य ठेवायची, म्हणजे तो निवडणुकीला उभाच राहू शकत नाही. किंवा त्या पोर्टला ‘पॉइंट टू मल्टिपॉइंट’ असं जाहीर करायचं, म्हणजे निवडणूकच होत नाही.

शाखा म्हणजे आडरस्ता, हायवे नव्हे

मोठ्या बँकांना दोन केंद्रं असतात आणि शाखा दोन्हींना जोडलेली असते. इथे नवा धोका येतो. दोन केंद्रांमधली मोठी लाइन तुटली तर राउटरना वाटू शकतं की शाखेतून पलीकडे जाता येईल. मग दोन डेटा सेंटरमधली प्रचंड वाहतूक एका छोट्या शाखेच्या बारीक लाइनमध्ये घुसते. हायवे बंद झाल्यावर ट्रक गावातल्या बोळात शिरावेत, तसं.

हे टाळण्यासाठी ईआयजीआरपीमध्ये शाखेला ‘स्टब’ म्हणून जाहीर करतात. याचा अर्थ, ही शाखा फक्त स्वतःच्या पत्त्यांबद्दल बोलेल, दुसऱ्यांचे रस्ते सांगणार नाही. हबचा एखादा रस्ता हरवला तर तो पर्यायी रस्ता विचारायला अशा शाखांकडे जातही नाही. शेकडो शाखांना विचारून प्रत्येकीच्या उत्तराची वाट पाहण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो.

दुसरी खबरदारी फिल्टरची. चिपळूणच्या शाखेकडून हबने फक्त १०.२०.१२.०/२४ एवढंच ऐकून घ्यायचं. चुकून तिथून दुसऱ्या शाखेचा किंवा सर्व्हरचा पत्ता जाहीर झाला तरी तो कानाआड करायचा.

फिल्टर नसला की काय होतं, हे जगाने २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाहिलं. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तिथल्या सरकारी टेलिकॉम कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांचा एक नेमका गट आपल्याकडे असल्याचं राउटिंगमध्ये लिहिलं. हा आदेश देशाबाहेर गेला. वरच्या कंपनीने तो न गाळता पुढे पाठवला. यूट्यूबचा स्वतःचा पत्ता /२२ म्हणजे मोठ्या गटाचा होता आणि पाकिस्तानातून आलेला /२४ चा, म्हणजे जास्त नेमका. नेमकी पाटी जिंकते या नियमाप्रमाणे जगभरची वाहतूक पाकिस्तानकडे वळली आणि सुमारे दोन तास यूट्यूब अनेक देशांत उघडेना. बँकेचं खासगी नेटवर्क इंटरनेटपेक्षा वेगळं असलं तरी नियम तोच आहे. एका शाखेतली एक चुकीची ओळ, आणि हबने विश्वास ठेवला, तर दुसऱ्याच शाखेची लिंक जाते.

शाखेला शाखेशी बोलायचं असेल तर?

सगळं हबमधून जाण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. केबल न पोहोचलेल्या दुर्गम भागात शाखा आणि एटीएम व्हीसॅटने, म्हणजे उपग्रहाने जोडतात. ही यंत्रणाही बहुतेक वेळा हब अँड स्पोकच असते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. म्हणजे प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. पैसे काढण्यासाठी ते चालून जातं. पण अशाच दोन शाखा हबमार्फत एकमेकींशी बोलू लागल्या तर प्रत्येक खेप दुप्पट होते आणि प्रश्नोत्तराला जवळपास एक सेकंद लागतो. फोनवर बोलणं त्यात कठीण होऊन बसतं.

इंटरनेटवरून जोडलेल्या शाखांसाठी यावर डीएमव्हीपीएनसारखा तोडगा आहे. यात हब डिरेक्टरीसारखं काम करतो. प्रत्येक शाखा आपला सध्याचा इंटरनेटवरचा पत्ता हबकडे नोंदवते. चिपळूणला बार्शीशी बोलायचं झालं की पहिलं पॅकेट हबमधून जातं. हब कळवतो, ‘बार्शीचा पत्ता हा, आता थेट बोला.’ मग दोन्ही शाखांमध्ये एक सुरक्षित तात्पुरता मार्ग तयार होतो आणि काम संपलं की तो आपोआप मोडतो. लाइन १०० च राहतात, पण गरजेपुरता थेट रस्ता मिळतो. ज्या संस्थांना सगळी वाहतूक एकाच ठिकाणी तपासायची असते, त्या ही सोय मुद्दाम टाळू शकतात.

हबच बंद पडला तर?

हब अँड स्पोकची सगळ्यात मोठी कमजोरी हीच. शाखेची लाइन गेली तर एक शाखा थांबते. हब गेला तर सगळ्या थांबतात.

२१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठा खंडित झाला आणि बँकेच्या डिजिटल सेवा कोलमडल्या. हा बिघाड राउटिंगचा नव्हता, पण केंद्रावर सगळं अवलंबून असलं की काय होतं ते यातून दिसलं. आधीच्या दोन वर्षांतल्या अशा घटनाही लक्षात घेऊन रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये बँकेला नव्या डिजिटल योजना आणि नवी क्रेडिट कार्डं देणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं. हे निर्बंध पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडला.

म्हणून दुसरा हब ठेवतात, तोही दूरच्या शहरात. शाखेच्या राउटरमध्ये दोन्ही हबचे रस्ते असतात आणि पहिल्याला जास्त पसंती दिलेली असते. पहिला गप्प झाला की दुसरा रस्ता आपोआप पुढे येतो. शाखेलाही दोन लाइन दिल्या जातात, शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांच्या.

पण कागदावर दोन असलेल्या लाइन जमिनीत एकत्र असू शकतात. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले. एनएसईकडे दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन होत्या आणि दोन्हींमध्ये अडचण आली होती. रस्त्यालगतच्या खोदकामामुळे आणि बांधकामामुळे हे झाल्याचं कंपन्यांनी कळवल्याचं एनएसईने नंतर सांगितलं. बाजार पुन्हा उघडला दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालला. देशातल्या सर्वात मोठ्या बाजाराची ही गत, तर तालुक्यातल्या शाखेच्या दोन्ही लाइन एकाच चरातून गेल्या असतील आणि जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटल्या, तर नवल नाही.

दुसरा हब आहे एवढ्यानेही भागत नाही. तो खरंच काम करतो का, हे पाहावं लागतं. परतीच्या रस्त्याची चूक इथेही होऊ शकते: शाखा दुसऱ्या हबकडे वळते, पण दुसऱ्या हबमध्ये त्या शाखेची ओळच नसते. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांत महत्त्वाच्या यंत्रणांसाठी किमान सहा महिन्यांतून एकदा अशी रंगीत तालीम करणं बंधनकारक आहे. शेअर बाजारांनीही २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, खास सत्र ठेवून प्रत्यक्ष व्यवहारांसह पर्यायी केंद्रावर जाऊन दाखवलं.

मग ‘लिंक नाही’ म्हणजे नक्की काय?

या दोन शब्दांमागे साधारण पाच वेगळी कारणं असू शकतात.

१. शाखेची लाइनच तुटली आहे. अशा वेळी दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागतं.

२. मुख्य लाइन तुटली आहे आणि राखीव लाइनवर जाणं झालेलं नाही. यात राउटरचं सेटिंग किंवा राखीव लाइन तपासायची राहिलेली असते.

३. लाइन चालू आहे, पण हबला शाखेचा परतीचा रस्ता माहीत नाही. नवी शाखा, नवी जागा किंवा नवा राउटर आल्यावर हे होण्याची शक्यता जास्त.

४. हब किंवा त्याचं राउटिंग बिघडलं आहे. मग शेजारच्या गावातल्या त्याच बँकेच्या शाखेतही काम बंद असतं.

५. नेटवर्क ठीक आहे, पण सर्व्हर बंद किंवा संथ आहे. हा राउटिंगचा विषयच नाही, तरी काउंटरवर शब्द तोच वापरला जातो.

ग्राहकाला यातला फरक ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो: ‘फक्त इथेच नाही की सगळीकडे नाही?’ फक्त इथेच नसेल तर शेजारच्या गावातल्या शाखेत जाऊन काम होऊ शकतं, कारण तुमचं खातं तिथूनही तेवढंच जवळ आहे. सगळीकडेच नसेल तर भर उन्हात दुसऱ्या शाखेची वाट धरण्यात अर्थ नाही. आणि लिंक नसताना पैसे भरून घेतले असतील तर शिक्का आणि सही असलेली पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. कारण लिंक परत येऊन ती रक्कम डेटा सेंटरमध्ये नोंदली जाईपर्यंत तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो.